नववीत एपी घरी करायचं तर: ह्यूमन जिऑग्रफी की सायकॉलॉजी?

अमेरिकेत नववीतली मुलं शाळेतल्या वर्गाशिवाय एपी (अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट, म्हणजे शाळेत असतानाच कॉलेजच्या पातळीचा विषय आणि त्याची परीक्षा) करायचं म्हणतात, तेव्हा बहुधा या दोनांतच घुटमळतात.

ह्यूमन जिऑग्रफीत 60 मिनिटांत 60 बहुपर्यायी प्रश्न, मग 75 मिनिटांत 3 लेखी उत्तरं, गुण निम्मे-निम्मे. अडचण लेखी भागातच. शहरापासून किती अंतरावर कोणती शेती होते हे सांगणारं फॉन थ्यूनेनचं मॉडेल पाठ असून भागत नाही. दूध-भाजी शहराजवळ आणि धान्य लांब का पिकतं, आणि शीतगृहाचे ट्रक आल्यावर हे गणित का बिघडतं, तेही लिहावं लागतं. घरी ती उत्तरं तपासणार कोण?

सायकॉलॉजीत 75 बहुपर्यायी प्रश्नांना दोन तृतीयांश वजन. संज्ञा मात्र ढीगभर, पण पाठांतर एकट्याला जमतं. 2024-25 पासून लेखी भागात संशोधनाचे उतारे वाचून युक्तिवाद करावा लागतो, म्हणून ‘सोपा पेपर’ ही जुनी ख्याती आता तितकी खरी नाही.

तरी एकट्याने करायचं तर मी सायकॉलॉजीच म्हणेन. बातम्या नि नकाशे चवीने वाचणाऱ्या मुलाने मात्र जिऑग्रफीच घ्यावी. परीक्षा मे महिन्यात असली तरी नाव शरद ऋतूतच नोंदवावं लागतं. शाळेच्या एपी समन्वयकांना सप्टेंबरातच गाठा.