अक्षरं फिरवायची की जोड्या धरायच्या?

एस, टी, ए, एल, ई या अक्षरांतून पाच अक्षरी इंग्रजी शब्द शोधायचेत. एकेक मांडणी तपासली तर एकही शब्द निसटत नाही, पण मांडण्या होतात १२०; सात वेगवेगळ्या अक्षरांच्या तर थेट ५,०४०. हे काम संगणकालाच शोभतं.

हाती कागद-पेन्सिल असेल तर जोड्याच धराव्यात. सुरुवातीला एस-टी ठेवा: ‘स्टेल’ आणि चोरी करण्याचा ‘स्टील’ लगेच दिसतात. एस-एल ठेवलं की ‘स्लेट’. तीच एस-टी शेवटी ढकला, ‘लीस्ट’ तयार! शेवटी नुसता एस ठेवला तर ‘टेल्स’. एखादा आडवळणी शब्द निसटतो खरा, पण नजर तयार होते, आणि मला ते जास्त मोलाचं वाटतं. अडलात तर ई-ए ही जोडी मधोमध ठेवून बघा.