कॅनन ईओएस १५००डी : झाडीपट्टीतल्या शिकाऊ हातांसाठी कितपत योग्य?

कॅनन ईओएस १५००डी हा कॅमेरा २०१८ साली बाजारात आला आणि तेव्हाही त्यात नवलाईचे असे काही नव्हते. २४.१ मेगापिक्सेलचा एपीएस-सी (पूर्ण चौकटीपेक्षा लहान आकाराचा) सेन्सर, नऊ फोकस बिंदू, सेकंदाला तीन छायाचित्रे घेण्याचा वेग आणि पाठीवर घट्ट बसवलेला, कुठल्याही बाजूला न वळणारा तीन इंची पडदा एवढेच त्याचे भांडवल. तरीही झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या धानपट्ट्यात, भंडारा जिल्ह्याच्या साकोली तालुक्यात, जिथून कॅमेऱ्याचे बऱ्यापैकी दुकान गाठायचे म्हणजे शंभर किलोमीटरच्या आसपास असलेले नागपूर गाठावे लागते, तिथे राहून छायाचित्रण मुळापासून शिकू पाहणाऱ्याला मी हाच कॅमेरा सुचवतो. अट एकच आहे : सोबत मिळणाऱ्या लेन्सवर थांबू नये. आमच्याकडच्या प्रकाशात आणि आमच्याकडच्या विषयांत ही बॉडी फार क्वचित अडवते. अडवते ती लेन्स.

आधी बॉडीविषयी. बॅटरी आणि कार्ड धरून तिचे वजन पाऊण किलोच्याही बरेच आत, पावणेपाचशे ग्रॅमच्या आसपास आहे, त्यामुळे दिवसभर गळ्यात अडकवून बांधावरून फिरता येते. उजव्या हाताची पकड खोल असल्याने घामाच्या दिवसांतही ती निसटत नाही. सर्व मांडणी एकाच फिरत्या चाकावर असल्यामुळे ‘एम’ म्हणजे पूर्ण हाती ताबा असलेल्या पद्धतीत शटरचा वेग चाकाने बदलतो आणि छिद्र म्हणजे अ‍ॅपर्चर बदलायचे तर अंगठ्याने ‘एव्ही’ची कळ दाबून धरून तेच चाक फिरवावे लागते. दोन चाकांच्या महागड्या कॅमेऱ्यांपुढे ही गैरसोयच आहे, परंतु शिकणाऱ्याला तिचा एक फायदा होतो, तो असा की आपण नेमके काय बदलत आहोत याचे भान प्रत्येक वेळी ठेवावे लागते.

आरशातून दिसणारे दृश्य, म्हणजेच व्ह्यूफाइंडर, हे मोबाइल सोडून या कॅमेऱ्याकडे वळण्याचे आमच्या भागातले सर्वांत पटणारे कारण आहे. एप्रिल-मेच्या उन्हात मोबाइलच्या पडद्यावर स्वतःच्या चेहऱ्याखेरीज काही दिसत नाही, आणि या कॅमेऱ्याचा पडदाही त्या उन्हात फारसा वेगळा वागत नाही. मात्र डोळा व्ह्यूफाइंडरला लावला की समोरचे शेत लख्ख दिसते. त्यात एक खोट आहे. हा व्ह्यूफाइंडर दृश्याचा सुमारे ९५ टक्के भागच दाखवतो, त्यामुळे डोळ्याला न दिसलेला विजेचा खांब किंवा तार छायाचित्राच्या कडेला हमखास उगवते. ती नंतर कापता येते, पण चौकट भरताना कडांकडे थोडे अधिक लक्ष देण्याची सवय या कॅमेऱ्याने आपोआप लागते.

प्रकाशमापन शिकण्यासाठी धानाच्या बांधीसारखी (भातखाचरासारखी) दुसरी शाळा नाही, असे माझे मत आहे. रोवणीच्या दिवसांत चिखलात उभा असलेला बगळा घ्या. गडद चिखल आणि हिरव्या पऱ्यांनी (धानाच्या रोपांनी) चौकट भरलेली असते, कॅमेरा त्या अंधाराचा हिशेब करून छायाचित्र उजळ करतो आणि बगळ्याच्या पांढऱ्या पिसांचा तपशील पार उडून जातो. अशा वेळी उजेडाची भरपाई (एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन) उणे एकवर न्यावी लागते. तोच बगळा जवळून, चौकट भरून घेतला तर गणित उलटते, कारण आता पांढरेपणाच जास्त असल्याने कॅमेरा चित्र काळवंडून टाकतो आणि भरपाई अधिककडे सरकवावी लागते. म्हशीचे चौकटभर चित्र घेताना पुन्हा उणे. पांढरे दिसले की अधिक आणि काळे दिसले की उणे असा पाठ केलेला नियम इथे पुरत नाही, कारण प्रश्न चौकटीत कशाचा वाटा किती आहे याचा असतो. छायाचित्र घेतल्यावर पडद्यावर हिस्टोग्राम म्हणजे उजेडाचा आलेख उघडून तो उजव्या भिंतीला धडकला आहे का ते पाहण्याची सवय लावली, तर ही समज महिन्याभरात येते. त्यासाठी सुरुवातीचे काही आठवडे ‘एव्ही’ पद्धतीतच, म्हणजे छिद्र आपण ठरवायचे आणि शटर कॅमेऱ्यावर सोडायचे अशा पद्धतीत, काम करावे आणि पूर्ण स्वयंचलित पद्धतीकडे परत जाऊ नये.

आता लेन्सकडे वळतो. कॅमेऱ्यासोबत सामान्यतः १८-५५ मिमी, एफ/३.५-५.६ ही लेन्स (किट लेन्स) येते; एफपुढचा आकडा जितका लहान, तितके छिद्र मोठे. दिवसा तिच्याविषयी तक्रार करण्यासारखे फारसे नाही. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यतींना परवानगी दिल्यापासून आमच्याकडे शंकरपट म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीही पुन्हा भरू लागल्या आहेत, आणि शटरच्या वेगाचा अभ्यास करायला त्याहून चांगली जागा मिळणार नाही. हिवाळ्यातल्या दुपारच्या उन्हात आयएसओ म्हणजे सेन्सरची प्रकाशग्राहकता ४०० आणि छिद्र एफ/८ ठेवले तर सेकंदाच्या हजाराव्या भागाचा वेग सहज मिळतो आणि बैलांच्या खुरांखालची माती हवेत थिजलेली दिसते. फोकससाठी नऊपैकी फक्त मधला बिंदू उभ्या-आडव्या दोन्ही रेषा ओळखणारा आहे, म्हणून तोच निवडावा आणि ‘एआय सर्व्हो’ हा धावत्या विषयाचा पाठलाग करणारा पर्याय लावावा. सेकंदाला तीन चित्रांचा वेग इथे तोकडा पडतो, जोडी समोरून निघून जाईपर्यंत मोजकीच चित्रे हाती लागतात, त्यामुळे कळ दाबून धरण्यापेक्षा धुरकऱ्याचा (जोडी हाकणाऱ्याचा) हात वर जाण्याची वाट पाहणे जास्त फलदायी ठरते. याउलट जोडी स्पष्ट आणि मागची गर्दी ओघळलेली असे चित्र हवे असेल तर सेकंदाचा साठावा भाग ठेवून जोडीबरोबर कॅमेरा फिरवावा. मात्र भर उन्हात त्यासाठी आयएसओ १०० वरही छिद्र एफ/२२ पर्यंत मिटवावे लागते आणि चित्राची धार बोथट होते, म्हणून हा प्रयोग ऊन कलल्यावर करावा. पटावर कॅमेरा घेऊन उभे राहिले की “गुरुजी, आमच्या जोडीचा बी एक फोटो घ्या न जी,” असे म्हणणारे भेटतातच. त्या उभ्या जोडीवर ५५ मिमीला घेतलेली चित्रे या साध्या लेन्सनेही सुरेख येतात.

खरी कसोटी रात्री लागते. भाऊबीजेनंतर गावोगावी मंडई म्हणजे जत्रा भरते आणि गडचिरोली जिल्ह्यातल्या वडसा येथून निघणाऱ्या कंपन्यांची नाटके उजाडेपर्यंत चालतात. रंगमंचावरचा प्रकाश प्रेक्षकाच्या डोळ्यांना भरपूर वाटला तरी कॅमेऱ्याच्या हिशेबी तो फारच थोडा असतो. समजा, एका प्रसंगात एफ/१.८, सेकंदाचा १२५ वा भाग आणि आयएसओ १६०० या मांडणीने चित्र नीट उजळते. तेच चित्र किट लेन्सने ५५ मिमीला, एफ/५.६ वर घ्यायचे तर आत येणारा प्रकाश जवळजवळ दहापटीने घटतो. मग एकतर शटर सेकंदाच्या तेराव्या भागापर्यंत खाली आणावे लागते किंवा आयएसओ सोळा हजारांच्या पुढेमागे न्यावा लागतो. या कॅमेऱ्याचा नेहमीचा आयएसओ ६४०० पर्यंत आहे आणि ताणून १२८०० पर्यंत जातो, म्हणजे दुसरा मार्ग बंदच. पहिल्या मार्गात लेन्समधली स्थिरीकरणाची सोय मदतीला येईल असे नवशिक्याला वाटते, पण ती फक्त आपल्या हाताचा कंप शोषते. मागचा पडदा त्यामुळे खणखणीत येतो आणि संवाद म्हणणाऱ्या नटाचा हात मात्र धुरासारखा पसरतो. हा भेद एकदा कळला की छायाचित्रणातला बराचसा गोंधळ संपतो.

म्हणूनच ५० मिमी एफ/१.८ एसटीएम ही लेन्स चैन समजू नये. किटच्या (कॅमेरा आणि सोबतची लेन्स यांच्या) किमतीच्या साधारण पाव भागात ती मिळते आणि या सेन्सरवर १.६ च्या गुणकाने ८० मिमीसारखे दृश्य देते. चेहऱ्यांसाठी ते उत्तम आहे. घराच्या ओसरीत चार माणसे एकत्र घ्यायची झाली तर मागे सरकायला भिंत आडवी येते, हेही खरे. एफ/१.८ वर स्पष्ट दिसणारा पट्टा इतका अरुंद असतो की नाकावर फोकस गेला तर डोळे मऊ पडतात, म्हणून मधला बिंदू डोळ्यावर ठेवून मगच कळ दाबावी. नाटकाला पहिल्या दोन-तीन रांगांत बसकण मारता आली तर या लेन्सने मिळणारी चित्रे पाहून ती एवढ्या साध्या कॅमेऱ्याची आहेत यावर नट मंडळी विश्वास ठेवत नाहीत.

पाखरांसाठी तिसरी लेन्स लागते. मामा (माजी मालगुजारी) तलावांवर हिवाळ्यात अडई, पाणकावळे, जांभळ्या पाणकोंबड्या यांची वर्दळ असते आणि ५५-२५० मिमी लेन्स या सेन्सरवर ४०० मिमीइतके जवळचे दृश्य देते. काठावर दबून बसणाऱ्याला ते पुरते. नवेगावबांधसारख्या विस्तीर्ण जलाशयाच्या मध्यावरच्या थव्यासाठी पुरत नाही. पहिल्या वर्षी या लेन्सची घाई करू नये.

आता हवामान, ज्याविषयी दुकानदार एक शब्दही बोलत नाही. कॅननने या कॅमेऱ्यासाठी ० ते ४० अंश सेल्सिअस तापमान आणि ८५ टक्क्यांपर्यंत आर्द्रता अशी वापराची मर्यादा दिलेली आहे. विदर्भातला उन्हाळा ही मर्यादा वारंवार ओलांडतो. ब्रह्मपुरी-चंद्रपूरकडे पारा ४५ च्याही वर जातो. याचा अर्थ कॅमेरा लगेच बंद पडतो असा नाही, पण काळी बॉडी उन्हात ठेवली तर हवेपेक्षा किती तरी जास्त तापते. मोटारसायकलची डिक्की तर त्याहून वाईट. पांढऱ्या सुती दुपट्ट्यात गुंडाळून सावलीत ठेवणे आणि दुपारी बारा ते चार काम टाळणे, इतके पुरते. त्या वेळचा प्रकाशही कडकच असतो. दुसरी गोष्ट कूलरची. घरातली थंडगार जागा म्हणून बरेच जण कॅमेरा कूलरच्या झोतात ठेवतात, पण ती हवा ओली असते आणि ओल हीच लेन्सची खरी वैरी आहे.

पावसाळ्यात तर धानपट्ट्यातली हवा आठवडेच्या आठवडे दमट राहते. बंद कपाटात, त्यातही चामड्याच्या पिशवीत ठेवलेल्या लेन्सच्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरते आणि एकदा आतल्या काचेवर गेली की ती काढण्याचा खर्च स्वस्त लेन्सच्या किमतीला भिडतो. हजारो रुपयांची विजेवर चालणारी कोरडी पेटी घेण्याची गरज नाही. रबरी कडेचा हवाबंद डबा, त्यात सिलिका जेल आणि काही शे रुपयांचा आर्द्रतामापक एवढ्यात काम भागते. काटा ४० ते ५० च्या दरम्यान राहील असे पाहावे आणि निळे दाणे गुलाबी झाले की ते तव्यावर मंद आचेवर तापवून पुन्हा वापरावेत. मळणीच्या दिवसांत उघड्यावर लेन्स बदलू नये, कारण सेन्सर आपोआप झटकून घेण्याची सोय या बॉडीत नाही. धूळ बसलीच तर रबरी फुग्याने वारा मारावा, तोंडाने फुंकर घालू नये.

बॅटरी एका भारणीत प्रमाणित चाचणीनुसार सुमारे ५०० चित्रे देते, आणि पडद्यावर पाहून चित्रे घेण्याचा मोह टाळला तर मंडईची एक रात्र निघते. भारनियमनाच्या गावात एक जादा बॅटरी असावी. वाय-फायने चित्रे मोबाइलवर घेता येतात, हे लग्नघरी फार उपयोगी पडते.

ज्यांना मुख्यतः व्हिडिओ करायचे आहेत त्यांनी मात्र हा कॅमेरा घेऊ नये. फुल एचडीपलीकडे तो जात नाही, बाहेरचा माइक जोडायला छिद्रच नाही आणि न वळणाऱ्या पडद्यामुळे स्वतःचे चित्रण करता येत नाही. लग्नाची कामे धरण्याचा विचार असेल तर फ्लॅश घेण्याआधी कॅमेऱ्याच्या डोक्यावरील खाचेत मधोमध संपर्कबिंदू आहे का ते दुकानातच तपासावे. तो नसेल तर इतर कंपन्यांचे साधे फ्लॅश त्यावर पेटत नाहीत.

आरशाशिवायचे कॅमेरे आल्यावर डीएसएलआर, म्हणजे यासारखा आरशाचा कॅमेरा, घ्यावा तरी का, हा प्रश्न योग्य आहे. कॅननचे आर५० आणि आर१०० हे दोन्ही २०२३ मध्ये आले, आणि पैसे असतील तर आर५० चा फोकस या कॅमेऱ्याच्या कितीतरी पुढे आहे. पण त्या रकमेत इथे बॉडी, ५० मिमी लेन्स, तिपाई आणि कोरडा डबा असे सगळे जुळते, आणि पुढे बॉडी बदललीच तर कॅननच्या जोडकड्याने याच लेन्स नव्या कॅमेऱ्यावर चालतात. त्यामुळे लेन्सवर घातलेला पैसा वाया जात नाही.

अनेक जण आता आरशाशिवायच्या कॅमेऱ्यांकडे वळत असल्याने नागपुरातल्या सीताबर्डीच्या दुकानांतून वापरलेल्या १५००डी बॉडी बऱ्या दरात मिळतात. तिथे जाताना स्वतःचे कार्ड आणि एक बारीक टॉर्च न्यावा. छिद्र एफ/२२ वर ठेवून कोऱ्या आकाशाचे चित्र घ्यावे आणि ते मोठे करून पाहावे. सेन्सरवरची धूळ काळ्या ठिपक्यांनी लगेच दिसते, आणि फुग्याने न जाणारा डाग असेल तर तेवढे पैसे कमी करून मागावेत. लेन्समधून टॉर्चचा उजेड तिरपा टाकून पाहावा. काचेत पांढरे तंतू दिसले तर ती लेन्स फुकटातही घरी आणू नये, आणि इतर लेन्सच्या डब्यात तर मुळीच ठेवू नये.