१५ एचपीचा स्टिकर, ७ एचपीचं इंजिन: बुडखे काढायचं मशीन घेणाऱ्यांनो, आधी बिल्टी वाचा

परराज्यातल्या विक्रेत्याकडून आम्ही असं मशीन घेतलं आणि फसलो. आकडे आधी. कोटेशन १,४८,००० रुपये, १८ टक्के जीएसटी २६,६४०, एकूण १,७४,६४०. त्यातले ६०,००० आगाऊ, उरलेले १,१४,६४० माल कोल्हापुरात ट्रान्सपोर्टच्या गोदामात आल्यावर, खोकं ताब्यात घ्यायच्या आधी.

परराज्यातला नंबर, चकाचक व्हिडिओ, ‘शेवटचा पीस’ हे सगळ्यांना पाठ आहे. इथली मेख वेगळी. हे लोक पैसे खाऊन पळत नाहीत, मशीन पाठवतात. म्हणूनच तक्रार कुणी घेत नाही.

ठरलं होतं ते असं: ढकलत चालवायचं स्टंप ग्राइंडर (झाडाचा बुडखा खरवडून काढणारं मशीन), ४२० सीसी, १५ एचपी पेट्रोल इंजिन, टंगस्टन कार्बाइडचे दात, वजन ११८ किलो. बिल्टीवर, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या पावतीवर, वजन ६८ किलो. सगळं तिथंच उघडं होतं! पन्नास किलो लोखंड वाटेत विरघळत नाही. दोन हमालांनी खोकं सहज उचललं, तेव्हा तरी डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. पण खरं सांगा, बिल्टीवरचं वजन वाचतं कोण? क्लार्क अंदाजे ठोकतो असंच आपण धरून चालतो. त्यात ‘पूर्ण पैसे भरल्याशिवाय खोकं उघडायचं नाही’ ही त्यांची अट. म्हणजे पैसे देण्याआधी हातात येणारा कागद तेवढा एकच.

स्टिकरखाली निघालं २१२ सीसीचं ७ एचपी इंजिन. स्टिकर सोडा, शाफ्ट (इंजिनातून बाहेर येणारा फिरता दांडा) मोजा. या जातीच्या ३९०-४२० सीसी इंजिनाचा शाफ्ट साधारण २५ मिमी असतो, २१२ सीसीचा १९-२० मिमी. कोल्हापुरातल्या उद्यमनगरात, कारखान्यांच्या वस्तीत, कुणाकडेही व्हर्नियर (जाडी मोजायचं साधन) मिळेल. हेड उघडल्यावर बोअर (सिलिंडरचा व्यास) ७० मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ५५. हिशेब करा, २१२च येतात.

असं इंजिन ओल्या चिंचेच्या बुडख्यात मार खातं. दातांचं चाक अडखळतं, आरपीएम (फेऱ्यांचा वेग) पडला की सेंट्रिफ्युगल क्लच (वेगावर पकड घेणारा क्लच) घसरून तापतो, मग पट्ट्याचा जळका वास. विक्रेत्याचं उत्तर: “रनिंग-इन होऊ दे साहेब, ताकद येईल.” रनिंग-इननं ७ चे १५ होत नसतात. एका वेळी एक-दोन सेंटीमीटरच उतरवायचं आणि चाक आडवं फिरवत न्यायचं, हे आम्हाला माहीत आहे. ‘चालवता येत नाही’ हे आम्हाला ऐकवू नये.

दातांवर कानस फिरवून बघा. कार्बाइडवर ती घसरते, पोलादाला चावते. अँगल ग्राइंडर लावलात तर कार्बाइडच्या ठिणग्या आखूड, मंद, तांबूस. पोलादाच्या लांब, पिवळ्या, फुटणाऱ्या. आमचे दात म्हणजे रंग दिलेलं पोलाद. (खरा कार्बाइडही दगडाला लागला की तडकतो. पन्हाळ्याकडच्या जांभ्यात बुडख्याभोवतीचे दगड आधी काढाच.)

आता सरकारी कारभार. ठाण्यात म्हणाले, “माल मिळालाय ना? मग हा दिवाणी वाद.” १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर म्हणाले, ठाण्यात जा. ठाण्यानं पुन्हा सायबरकडे बोट दाखवलं. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ फसवणुकीचंच आहे. खोटं वर्णन करून भलतंच मशीन गळ्यात मारणं त्यात बसत नसेल तर काय बसतं? बिलावरचा जीएसटी नंबर रद्द झालेला, तरी २६,६४० रुपये कराच्या नावानं घेतले. त्यावर कर कार्यालय म्हणतं, हे त्या राज्याचं काम. बँक म्हणते, पैसे तुम्हीच पाठवलेत. सगळे खुर्चीत बसून एकमेकांचे पत्ते देतात!

जीएसटी नंबर चालू आहे का, हे जीएसटी पोर्टलवर फुकट दिसतं. आगाऊ देण्याआधीच बघा. पैसे पाठवायचं खातं बिलावरच्याच नावाचं हवं, कुणा व्यक्तीचं बचत खातं नको. व्हिडिओ कॉलवर शाफ्टला व्हर्नियर लावायला सांगा. टाळाटाळ केली की फोन ठेवा.

ग्राहक आयोगात ‘व्यावसायिक वापर’ म्हणून अडवतील. २०१९ च्या कायद्यात स्वयंरोजगारानं पोट भरणाऱ्याला सूट आहे, ते अर्जात लिहा. विक्रेता कुठलाही असो, तक्रार राहत्या जिल्ह्यात करता येते. ५ लाखांपर्यंत शुल्क नाही, मुदत २ वर्षं. निकाल लागेपर्यंत मशीनला हात लावू नका. याच सांगाड्यावर मोठं इंजिन बसवून देतो म्हणणारे भेटतील. तो सांगाडा १५ एचपीचा हिसका सोसणारा नाही आणि पुरावाही जाईल.