ऑनग्रिड की हायब्रीड? ग्रिडला सांभाळून घेणारा इन्व्हर्टर निवडताना

नाशिकमध्ये घरावर 5 किलोवॉट सोलर बसवायचं ठरलं की पॅनेलची वीज घरात आणि ग्रिडमध्ये, म्हणजे वीज कंपनीच्या जाळ्यात, चालेल अशी करून देणारा इन्व्हर्टर ऑनग्रिड (बॅटरीशिवाय, थेट ग्रिडला जोडलेला) घ्यावा की हायब्रीड (ग्रिडसोबत बॅटरीही असलेला), यावर खल सुरू होतो. त्याआधी सिंगल फेज की थ्री फेज ते ठरवा. ग्रिडला खरा फरक तिथे पडतो.

इंदिरानगरसारख्या वस्तीत दुपारी घरातला वापर कमी असतो, छतावरची वीज उलटी डीपीकडे जाते आणि व्होल्टेज चढतं. खांबापासून इन्व्हर्टरपर्यंत 4 चौरस मिमी तांब्याची 40 मीटर केबल धरा. सिंगल फेजवर 21.7 अँपिअरला व्होल्टेज सुमारे 8 ने वाढतं. खांबावर 246 असतील तर इन्व्हर्टरला 254 दिसतात, आणि 253 ची मर्यादा ओलांडली म्हणून तो ऐन उन्हात ट्रिप होतो. थ्री फेजवर प्रवाह तीन तारांत वाटला जातो, म्हणून तेवढ्याच जाडीच्या केबलमध्ये वाढ जेमतेम 1.3 व्होल्ट. थ्री फेज शक्य नसेल तर 10 चौरस मिमी केबल टाका, वाढ 3 व्होल्टवर येते. ट्रिपची मर्यादाच 270 करून देतो म्हणणाऱ्याला स्पष्ट नकार द्या. शेजाऱ्यांची उपकरणं त्यात जळू शकतात.

आता ऑनग्रिड. स्वस्त, सुटसुटीत, लाइट गेली की बंद पडतो, आणि खांबावर चढलेल्या वायरमनच्या जिवासाठी तो बंद पडलाच पाहिजे. चांगल्या मॉडेलमध्ये व्होल्ट-वॅट आणि व्होल्ट-व्हार या सोयी असतात, पण बऱ्याचदा त्या बंदच राहतात. चालू करून घ्या. व्होल्ट-वॅट व्होल्टेज चढेल तशी वीज हळूहळू कमी करतो, त्यामुळे गल्लीतले सगळे इन्व्हर्टर एकदम ट्रिप होत नाहीत. व्होल्ट-व्हार रिअ‍ॅक्टिव्ह पॉवर (प्रत्यक्ष काम न करणारी, पण व्होल्टेजवर परिणाम करणारी पॉवर) शोषून व्होल्टेज खाली आणतो; त्याचा उपयोग बारीक केबलमध्ये थोडा, डीपीजवळ जास्त. 5 केव्हीए क्षमतेचा इन्व्हर्टर 4 किलोवॉट देताना 3 केव्हीएआर (रिअ‍ॅक्टिव्ह पॉवरचं एकक) शोषू शकतो.

हायब्रीड महाग, पण लोडशेडिंगमध्ये बॅकअप देतो. ग्रिडला मात्र त्याची मदत आपोआप होत नाही. नेहमीच्या सेटिंगवर 5 युनिटची बॅटरी सकाळीच भरते आणि दुपारी सगळी वीज पुन्हा बाहेर. चार्जिंगची वेळ 11 ते 3 लावा, म्हणजे भर दुपारी सव्वा किलोवॉट घरातच मुरते. ती संध्याकाळी 6 नंतर वापरा.

लाइट क्वचित जात असेल, तर थ्री फेज ऑनग्रिड घ्या आणि वाचलेले पैसे जाड केबलमध्ये घाला.