फुटलेला रेणू बघायचा कशाने: व्हीएमआय की कोल्ट्रिम्स?

नांदेड-लातूरकडून एम.एस्सी. करून फेम्टोसेकंद लेसरवर (अतिसूक्ष्म काळाचे प्रकाशाचे पल्स सोडणाऱ्या) पीएच.डी.ला निघालेल्यांसमोर हा प्रश्न उभा राहतोच: लेसरने फोडलेल्या रेणूचे तुकडे बघायला व्हीएमआय (वेलॉसिटी मॅप इमेजिंग, तुकड्यांच्या वेगाचं चित्र पडद्यावर टिपणारं यंत्र) घ्यावं, की कोल्ट्रिम्स (एकेका रेणूच्या सगळ्या तुकड्यांचे संवेग एकत्र मोजणारं यंत्र)? ८०० नॅनोमीटरचा फोटॉन अवघा १.५५ इलेक्ट्रॉन व्होल्टचा, आणि नायट्रोजनच्या रेणूतला इलेक्ट्रॉन सोडवायला १५.६ लागतात, तरी लेसरच्या प्रखर विद्युत क्षेत्रात तो टनेलिंगने, म्हणजे ऊर्जेच्या अडसरातून आरपार निसटून, सुटतो. मी दोन्ही यंत्रांवर बसलो आहे आणि शेवटी व्हीएमआय घेतलं.

कोल्ट्रिम्सची बाजू आधी मांडतो, कारण ती खरोखर भक्कम आहे. कार्बन डायऑक्साइडचे तीन इलेक्ट्रॉन काढले की कार्बनचा एक आणि ऑक्सिजनचे दोन आयन एकमेकांना ढकलून दूर उडतात. दोन्ही बंध एकदम तुटले, की एक ऑक्सिजन आधी गेला आणि उरलेला तुकडा फिरत फिरत मागाहून फुटला? एकाच रेणूच्या तिन्ही तुकड्यांचे संवेग तिन्ही दिशांत मोजल्याशिवाय हे कळत नाही. कोल्ट्रिम्स नेमकं तेच मोजतं. व्हीएमआयच्या चित्रात कोण कोणाचा जोडीदार ते दिसत नाही. शिवाय एबेल इन्व्हर्जनसाठी (सपाट चित्रावरून मूळ त्रिमितीय आकार काढण्याच्या गणिती रीतीसाठी) लेसरचं पोलरायझेशन, म्हणजे त्याच्या विद्युत क्षेत्राची दिशा, डिटेक्टरच्या पृष्ठभागाला समांतर ठेवावं लागतं, आणि ते लंबवर्तुळी केलं की सममितीच जाते.

मग अडलं कुठे? वेळेत. तुकड्यांचे जोडीदार ओळखायचे तर एका पल्समागे सरासरी एकाहून बरेच कमी रेणू आयन व्हायला हवेत, नाहीतर दोन वेगळ्या रेणूंचे तुकडे एकाच घरचे धरले जातात. एक किलोहर्ट्झच्या लेसरवर सरासरी ०.२ धरा, म्हणजे सेकंदाला दोनशे घटना. त्यातल्या बहुतेक साध्या आयनीकरणाच्या. डिटेक्टर निम्मेच आयन पकडत असेल तर तिन्ही तुकडे हाती लागण्याची शक्यता एक अष्टमांश. म्हणून रात्र-रात्र मोजणी चालते, आणि तेवढा वेळ लेसर जागचा हलत नाही असं होत नाही. खोलीचं तापमान जरा बदललं की बीम सरकतो, फोकसमधली तीव्रता बदलते. टनेलिंगचा दर विद्युत क्षेत्रावर घातांकी अवलंबून असल्यामुळे थोडासा फरकही आयनांचं प्रमाण पालटून टाकतो. सकाळी फाइल उघडावी तर पहिल्या तासाचा आणि शेवटच्या तासाचा प्रयोग जणू वेगळाच. दुरुस्ती करता येते, पण मनातली शंका जात नाही. माझा जीव याच गोष्टीला कंटाळला.

एपिंक आणि पार्कर यांनी १९९७ साली मांडलेल्या व्हीएमआयमध्ये एका पल्सला कितीतरी आयन चालतात. नायट्रोजनच्या आयनाचं वलय बघता बघता पडद्यावर उमटतं. त्रिज्येचा वर्ग म्हणजे ऊर्जा, असा सरळ हिशोब. दोन आयन रेणूतल्या नेहमीच्या १.१ अँगस्ट्रॉम अंतरावरून सुटले असते तर मिळून साधारण १३ इलेक्ट्रॉन व्होल्ट दिसायला हवेत. लांब पल्सला प्रत्यक्षात बरेच कमी दिसतात. फुटण्याआधी बंध ताणला गेला, हे ते वलयच सांगतं. पल्सची लांबी बदला, वलय सरकतं, आणि काही बिघडलं असेल तर तेही तिथल्या तिथे कळतं.

मराठवाड्यात परतून एखाद्या कॉलेजात छोटी यंत्रणा उभारायची इच्छा असेल, तर आणखी एक गोष्ट धरा. कोल्ट्रिम्सला १०⁻¹⁰ मिलिबारच्या आसपासचं व्हॅक्यूम लागतं. लाइट जाऊन पंप थांबले आणि चेंबरमध्ये हवा शिरली, तर पुन्हा बेकिंग करण्यात (चेंबर तापवून आत चिकटलेला वायू काढण्यात) दिवस जातात. व्हीएमआय त्या मानाने सोशिक आहे.

तरी माझं म्हणणं एक किलोहर्ट्झच्या अनुभवावरचं आहे. १०० किलोहर्ट्झच्या इटर्बियम लेसरवर तीच मोजणी शंभर पटीने लवकर उरकते, आणि तीन-चार अणूंच्या रेणूंचाच ध्यास असेल तर तिथे कोल्ट्रिम्स घेणाऱ्याला मी अडवणार नाही. दोन अणूंच्या रेणूंपासून सुरुवात करणाऱ्याने मात्र माझ्या मते व्हीएमआयच घ्यावं. जोडीदारांची माहितीही पूर्ण हातची जात नाही: फ्रासिन्स्की आणि सहकाऱ्यांनी १९८९ साली दाखवलेली कोव्हेरियन्सची रीत (पल्समागून पल्स कोणते तुकडे एकत्र कमी-जास्त होतात ते पाहून जोडीदार ओळखण्याची), प्रत्येक पल्सचं चित्र वेगळं टिपणारा कॅमेरा असेल तर, व्हीएमआयवरही चालते. तेव्हा प्रवेश घेण्याआधी प्रयोगशाळेला लेसरचा पल्स-दर आणि कॅमेऱ्याचा वेग, दोन्ही विचारून घ्या.