कॅनडा कॉर्नरचा परदेशी शिक्षण सल्ला: हिशेब चोख, फोन फार

नाशिकच्या कॅनडा कॉर्नरजवळ परदेशात शिकायला जाणाऱ्यांना पैशांचा सल्ला देणारं एक ऑफिस आहे. पुढे थोडी तक्रारही आहे म्हणून नाव देत नाही. तासाचे दीड हजार घेतात. वसूल होतात, पण तिथल्या सीए मॅडमकडे नंबर लागला तरच.

आमच्या लेकीला अमेरिकेत पीएचडीला प्रवेश मिळाला. फी माफ, वर टीचिंग असिस्टंटशिपचा, म्हणजे तिथे शिकवण्याच्या कामाचा, स्टायपेंड. पाहुण्यारावळ्यांत लगेच ‘शिक्षण फुकट’ अशी हवा झाली. मी निफाडचा द्राक्ष बागायतदार. शेतीच्या उत्पन्नाला आयकर नाही, त्यामुळे टॅक्सशी आमची गाठ पडते ती औषधांच्या बिलावरच्या जीएसटीपुरती.

मॅडमनी ऑफर लेटर वाचून लाल पेनाने दोन आकड्यांखाली रेघ मारली. स्टायपेंड वर्षाला 28,000 डॉलर, फीमाफी 40,000. “काका, 28,000 पोरीच्या खात्यात येतील. हे 40,000 तिला दिसणारसुद्धा नाहीत.” स्टायपेंडवर टॅक्स आहे. शिकवण्याच्या किंवा संशोधनाच्या कामापोटी मिळालेल्या फीमाफीवर नाही, तिथल्या कायद्याच्या कलम 117 मध्ये तशी सूट आहे.

मग त्यांनी 2017 ची गोष्ट सांगितली. तिथल्या कनिष्ठ सभागृहाने नोव्हेंबरात करसुधारणेचं विधेयक मंजूर केलं, त्यात ही सूटच काढून टाकली होती. विद्यार्थ्यांनी देशभर निदर्शनं केली. सिनेटच्या, म्हणजे वरिष्ठ सभागृहाच्या, मसुद्यात सूट काढायची तरतूद नव्हती आणि डिसेंबरात सही झालेल्या कायद्यातही ती आली नाही. सूट वाचली. पण एकदा निघालेला विषय पुन्हा निघू शकतो, म्हणून त्या हा हिशेब प्रत्येक पालकाला करून दाखवतात.

मला हा हिशेबाचा कागद सगळ्यात मोलाचा वाटला. 2025 चे दर धरले. भारतीय विद्यार्थ्याला भारत-अमेरिका करकरारामुळे त्या वर्षासाठी 15,750 डॉलरची स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे उत्पन्नातून सरसकट वजावट, मिळते (बाकी देशांच्या बहुतेक पोरांना ती नाही, हे तिथेच कळलं). फीमाफीची सूट धरून तिथल्या केंद्र सरकारचा टॅक्स साधारण 1,230 डॉलर. फीमाफी उत्पन्नात धरली तर उत्पन्न 68,000 दिसतं आणि टॅक्स जातो 6,400 च्या पुढे. राज्याचा टॅक्स वेगळा. हातात येणार तेच 28,000, म्हणजे दोन महिन्यांहून जास्त स्टायपेंड नुसता या फरकात गेला. द्राक्षं अजून वेलीवर आहेत आणि व्यापाऱ्याने पट्टीतले पैसे आधीच कापले, असा तो प्रकार. शिवाय ज्या विद्यापीठाची फी जास्त, तिथल्या पोराला टॅक्सही जास्त. स्टायपेंड दोघांचा सारखा असला तरी.

“मग तिने बाहेर काम करून भरायचं का?” मी विचारलं. मॅडम म्हणाल्या, एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना साधारणपणे कॅम्पसवरच आणि आठवड्याला 20 तासच काम करता येतं, आणि ते 20 तास असिस्टंटशिपमध्येच संपतात. म्हणजे खड्डा पडला तर भरणार कोण, तर निफाड.

बाकी माहिती भराभर झाली. पहिली पाच वर्षं तिथल्या टॅक्स रिटर्नला 1040-एनआर हा फॉर्म, सोबत 8843 नंबरचा फॉर्म. इथून पाठवायचे पैसे वर्षाला दहा लाखांच्या आत असले तर टीसीएस (पैसे पाठवतानाच बँक कापते तो कर) नाही. फीमाफीत विमा आणि किरकोळ विद्यापीठ शुल्कं बसतातच असं नाही, ते विद्यापीठाला ईमेल करून विचारा. लेकीने विचारलं, विमा बसतो, शुल्कं नाहीत.

आता तक्रार. मॅडम उठल्या आणि त्यांच्या जागी टाय लावलेला एक पोरगा येऊन बसला. त्याला फीमाफी आणि शिष्यवृत्तीतला फरक सांगता येईना, पण चाळीस लाखांच्या शैक्षणिक कर्जाचा फॉर्म तयार. अहो, फी माफ आहे, कर्ज कशाला? तर म्हणे “असू द्या सर, सेफ्टीला.” त्यानंतर फोरेक्स कार्डासाठी (परदेशात खर्चाला वापरायचं कार्ड) रोज फोन. ऐन ऑक्टोबर छाटणीत, मजूर खोळंबलेले असताना. शेवटी नंबर ब्लॉक केला. हिशेबाचा कागदही इंग्रजीत देतात. लेकीच्या आईला तो मराठीत पुन्हा लिहून द्यावा लागला, तेवढं तरी दीड हजारांत बसवायला हरकत नव्हती.

पाचपैकी साडेतीन. मास्टर्सला स्वतःच्या पैशांनी जाणाऱ्यांना तिथे विशेष काही मिळणार नाही. असिस्टंटशिपवाल्यांनी जरूर जावं. ऑफर लेटर आदल्या दिवशी पाठवून ठेवा, वेळ घेताना मॅडमचंच नाव सांगा, आणि संध्याकाळी जाऊ नका, गाडी लावायला जागा मिळत नाही.