कॉन्ट्रॅक्टरवाली अकाउंटिंग सर्व्हिस: अ‍ॅप झकास, पण शिफ्टिंगच्या खर्चाचं माणसालाच विचारा

यूकेत स्वतःच्या लिमिटेड कंपनीतून कॉन्ट्रॅक्टिंग करणाऱ्यांसाठी ऑनलाइन अकाउंटिंग सर्व्हिस असतात ना, महिन्याची ठरलेली फी, एक अ‍ॅप आणि "तुमचा स्वतःचा अकाउंटंट" म्हणून दिलेला एक माणूस, त्यातलीच एक मी वापरतोय. नाव घेत नाही. लीड्सहून ब्रिस्टलला शिफ्ट झालो तेव्हा यांची खरी परीक्षा झाली, एरवी व्हॅट रिटर्न आणि पेस्लिप काय कोणीही काढून देतं.

आधी चांगलं सांगतो. अ‍ॅप एक नंबर आहे. पावतीचा फोटो काढला की तारीख, रक्कम आपोआप वाचतं, आणि कॉर्पोरेशन टॅक्ससाठी किती बाजूला ठेवायचे तो आकडा वरच दिसतो, त्यामुळे डिव्हिडंड काढताना हात जरा आखडता राहतो.

आता शिफ्टिंग. अ‍ॅपमध्ये 'रिलोकेशन' अशी कॅटेगरी आहे, तिच्यात पावती टाकली की हिरवी टिक येते आणि विषय संपला. टिक आली म्हणजे टॅक्स वाचला असं कोणालाही वाटेल, गोची तिथेच आहे. कामासाठी घर बदलण्याच्या खर्चावर ८,००० पौंडांपर्यंत टॅक्सची जी सूट आहे ती एम्प्लॉयरने उचललेल्या खर्चावर असते. तुम्ही स्वतःच्या खिशातून भरले आणि कंपनीने परत दिलेच नाहीत तर सेल्फ असेसमेंटमध्ये, म्हणजे आपण स्वतः भरतो त्या टॅक्स रिटर्नमध्ये, ते वजा करता येत नाहीत. लिमिटेडवाल्यांचं त्यातल्या त्यात बरं, आपणच आपल्या कंपनीचे डायरेक्टर आणि नोकर, त्यामुळे व्हॅनवाल्याचं बिल कंपनीने भरलं की आपल्यावर टॅक्स नाही, एनआय (नॅशनल इन्शुरन्स, पगारावरची सरकारी वर्गणी) नाही. सोल ट्रेडरला, म्हणजे कंपनी न काढता स्वतःच्याच नावावर काम करणाऱ्याला, हे लागूच नाही, घर बदलणं हा त्याचा खाजगी खर्च धरतात. हे सगळं अ‍ॅपमध्ये कुठेच लिहिलेलं नाही बरं का.

माझा पहिला अकाउंटंट चॅटवर "हो, ८,००० पर्यंत चालतं" एवढंच टाकून मोकळा झाला. नंतर तो बदलला आणि आलेल्या बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, लीड्सचं घर अजून तुमचं राहतं घर आहे का? आणि खरा मुद्दा तोच आहे. मुख्य घर बदललं पाहिजे, आणि जुन्या घरातून नव्या कामाच्या जागी रोज जाणं-येणं शक्य नसलं पाहिजे. जुनं घर विकायलाच हवं असं नाही. पण बिऱ्हाड तिकडेच आणि तुम्ही क्लायंटजवळ खोली घेऊन राहताय तर ते रिलोकेशन नाहीच, तो प्रवास आणि राहण्याखाण्याचा खर्च. त्या जागी २४ महिन्यांच्या आत काम संपेल अशी खरी अपेक्षा असेल तर तो कंपनीतून घालता येतो, त्याला ८,००० ची मर्यादाही नाही. सहा-सहा महिन्यांच्या कॉन्ट्रॅक्टवाल्याला बऱ्याचदा हेच जास्त परवडतं! पण कॉन्ट्रॅक्ट आयआर३५ च्या आत असेल, म्हणजे टॅक्सच्या नियमाने तुम्ही क्लायंटचे नोकरच धरले जात असाल, तर हा रस्ता एप्रिल २०१६ पासून बंद.

मग बाईंनी पावत्या एकेक करून चाळल्या. सामानाची व्हॅन, स्टोरेज, सामानाचा इन्शुरन्स, घर बघायला केलेल्या फेऱ्या पास. जुने पडदे नव्या खिडक्यांना बसत नव्हते म्हणून घेतलेले नवे पडदेसुद्धा पास, हे मला मजेशीर वाटलं. पोस्ट नव्या पत्त्यावर वळवण्याची फी मात्र नापास, कौन्सिल टॅक्सही (तिकडची घरपट्टी म्हणा) नापास. अ‍ॅपने या दोन्हींना हिरवी टिक दिलेली होती!

घर विकत घेणाऱ्यांनी अजून एक बघा. स्टॅम्प ड्युटी यात बसते, पण ती एकटीच कोटा खाऊन टाकते. इंग्लंडमध्ये जुनं घर विकून नवं घेत असाल तर एप्रिल २०२५ पासूनच्या दराने साडेतीन लाखांच्या घरावर ७,५०० पौंड होतात, उरलेल्या ५०० मध्ये व्हॅन तरी येते का? ८,००० हा आकडा १९९३ पासून तसाच आहे, घरांच्या किमती तेव्हाच्या कुठे आणि आताच्या कुठे. ८,००० च्या वरची रक्कम कंपनीने दिली तर ती पी११डी मध्ये (पगाराशिवाय कंपनीने काय काय दिलं ते सरकारला कळवायचा फॉर्म) दाखवायची, ६ जुलैच्या आत, तिच्यावर तुम्हाला टॅक्स आणि कंपनीला एनआय. आणि ही सर्व्हिस पी११डी चे वेगळे पैसे लावते, जे साइन-अपच्या वेळी कोणी बोललं नव्हतं. राग याचाच आहे.

मुदतीची आठवणही अ‍ॅप करून देत नाही. काम ज्या टॅक्स वर्षात सुरू झालं त्याच्या पुढचं टॅक्स वर्ष ५ एप्रिलला संपतं, तोपर्यंत खर्च व्हायला हवा, म्हणजे ऑक्टोबर २०२५ ला सुरू केलं तर ५ एप्रिल २०२७.

अ‍ॅपला साडेचार, बाईंना पाच, सपोर्ट चॅटला दोन स्टार. लिमिटेड असेल तर घ्या, पण साइन-अपच्या आधी पी११डी चे किती घेता ते ईमेलवर लिहून मागा. अंब्रेलातून, म्हणजे कॉन्ट्रॅक्टरला आपल्या पगारावर ठेवणाऱ्या मधल्या कंपनीतून, काम करत असाल तर या सर्व्हिसला पैसे घालू नका, तुमचा एम्प्लॉयर अंब्रेला कंपनी आहे, शिफ्टिंगचे पैसे देणार का ते तिलाच विचारा, आणि तुमच्याच रेटमधून कापून देणार असतील तर त्यात राम नाही.